हिशेब आणि हातभार

बंगळुरूच्या जुन्या पेठेत, चिकपेठेतल्या रेशमी साड्यांच्या दुकानांपासून जवळच, नगर्थपेठ आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोर आलेल्या दोन स्कूटरींपैकी एकीला मागे सरावेच लागते. वरच्या मजल्यांवर सोन्याचे कारागीर, खाली मुशी, साचे आणि ॲसिड विकणारी दुकाने, आणि मधूनच एखादी काळवंडलेल्या भिंतींची खोली. कोपऱ्यात भट्टी, भिंतीत धूर ओढणारा पंखा, टेबलावर काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू. ही गलाईची दुकाने. इथे कन्नड, तमिळ आणि हिंदीच्या गलक्यात मध्येच माणदेशी वळणाची मराठी ऐकू येते, कारण सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली आणि शेजारच्या खटाव-माणमधली माणसे या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. काम सांगायला सोपे आहे. मोडीचे सोने येते: तुटकी साखळी, जोड हरवलेली कुडी, झिजलेली पाटली. ते टाकणखार घालून मुशीत वितळवतात. शुद्ध करायचे असेल तर चांदी मिसळून सोन्याचा वाटा साधारण चौथाईवर आणतात आणि नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. चांदी आणि तांबे ॲसिडात उतरतात, तांबूस धूर सुटतो आणि तळाशी एक तपकिरी भुकटी उरते. ती सोने आहे हे सांगूनही पटणार नाही इतकी निस्तेज असते. धुऊन पुन्हा वितळवली की मग पिवळीधमक लगड. ॲसिडात उतरलेली चांदीही परत काढतात. वजन मिलिग्रॅमपर्यंत होते. टंच किती, घट किती, मजुरी किती, हे गिऱ्हाइकासमोर ठरते आणि त्यात मैत्रीखातर एक कणही इकडचा तिकडे होत नाही. या धंद्यात दुकानाचा केरसुद्धा फुकट जात नाही, तो झारेकऱ्याला, म्हणजे केरातून सोने काढणाऱ्याला, विकला जातो.

आता याच दुकानाची दुसरी बाजू पाहा. भट्टीपाशी उभा असलेला पोरगा बहुधा शेठच्या गावचा किंवा नात्यातला असतो. राहायला शेठच्या खोलीत, जेवायला शेठच्या घरी. पहिली काही वर्षे तो झाडलोट करतो, निरोप पोहोचवतो, भट्टी सांभाळतो. मग हळूहळू त्याच्या हाती कसोटी येते, ॲसिडचा अंदाज येतो, कोणत्या सोन्यात कशाची भेसळ असू शकते हे नजरेला कळू लागते. आणि एके दिवशी तो बाहेर पडतो. शेठ त्याला भांडवलाला हात देतो, सराफांकडे त्याच्यासाठी शब्द टाकतो, कधी दुसऱ्या गावात तर कधी त्याच शहरात त्याचे दुकान उभे राहते. दुष्काळी पट्ट्यातून निघालेला हा धंदा केरळपासून दिल्लीपर्यंत पसरला तो याच रीतीने. कोणा सरकारी योजनेने किंवा बँकेने तो पसरवलेला नाही. म्हणजे जो माणूस समोरच्याला दहा मिलिग्रॅम सोडत नाही, तोच स्वतःच्या हाताने स्वतःचा प्रतिस्पर्धी तयार करतो. व्यवस्थापनाच्या पुस्तकांना हे कोडे पडायला हवे. ज्यांच्यासाठी ते रोजचे आहे त्यांना त्यात कोडे दिसतही नाही.

व्यवसायातल्या नात्यांबद्दल दोन प्रकारचे सल्ले मुबलक मिळतात. एक म्हणतो, आधी भरभरून द्या, मिळायचे ते आपोआप मिळेल. दुसरा म्हणतो, धंद्यात नाते आणू नका, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. आणि शहाणीसुरती माणसे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभे राहायला सांगतात: थोडे द्या, थोडे राखा. मला या मधल्या सल्ल्याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण तो समंजस दिसतो. थोडा उदार आणि थोडा स्वार्थी असा माणूस कोणत्या वेळी कसा वागेल हे समोरच्याला कधीच कळत नाही, आणि धंद्यात समोरच्याला सगळ्यांत मोठी गरज असते ती आपला अंदाज येण्याची. गलाईच्या दुकानात औदार्य आणि स्वार्थ यांची सरासरी काढलेली नाही. दोन्ही पूर्ण मापाने आहेत, फक्त त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. तराजूच्या पेटीत स्वार्थ शंभर टक्के, आणि तो दोन्ही बाजूंचा. पेटीच्या बाहेर, म्हणजे शिकवणे, ओळख करून देणे, अडीनडीला उभे राहणे, या ठिकाणी हात सैल. उत्तरेकडच्या बाजारात एक म्हण चालते, हिसाब जौ-जौ, बख्शीश सौ-सौ. हिशेब जवाच्या दाण्याइतका काटेकोर, बक्षीस मात्र शेकड्याने. या म्हणीत दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत आणि त्यांचे मिश्रण करायला सांगितलेले नाही.

मिश्रण झाले की काय होते ते कोणत्याही बाजारपेठेत पाहता येते. ओळखीच्या माणसाला भावात सूट दिली की पहिल्यांदा ती मेहेरबानी असते, दुसऱ्यांदा रीत आणि तिसऱ्यांदा त्याचा हक्क. चौथ्या वेळी सूट दिली नाही तर तो दुखावतो, आणि देणाऱ्यालाही वाटते की याने आपल्या चांगुलपणाचा फायदा घेतला. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. संगणकाच्या धंद्यात याचा नवा अवतार आहे: पहिले काम फुकट किंवा पडत्या भावात करून देऊ, मग पुढे वसूल करू. गिऱ्हाइकाच्या मनात तो पडता भाव हाच खरा भाव म्हणून बसतो, आणि नंतर वसुली करायला जाणारा लुबाडणारा ठरतो. सूट ही उदारता वाटते खरी, पण ती हिशेबाच्या वहीत लिहिलेली उदारता आहे, आणि वहीत लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीची कधी ना कधी बेरीज होते. उलट दिशेचा घोटाळाही तितकाच वाईट. एखाद्याला नोकरी शोधायला मदत केली, चार माणसांशी गाठ घालून दिली, आणि ती मनातल्या वहीत नावे लिहून ठेवली, की त्या मदतीला हिशेबाचा वास येऊ लागतो. ज्याला मदत केली त्याला तो वास सगळ्यात आधी येतो.

बंगळुरूतलाच एक प्रसंग मला या संदर्भात फार बोलका वाटतो. इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी २००७ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलमधल्या पदवीदान समारंभात तो जाहीरपणे सांगितला आहे. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, १९८३ मध्ये बंगळुरूला आली आणि १९९३ मध्ये शेअर बाजारात उतरली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, एका बलाढ्य कंपनीने आपल्या सगळ्या भारतीय सॉफ्टवेअर पुरवठादारांना बंगळुरूच्या एका हॉटेलात बोलावले आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवले, म्हणजे त्यांना आपसांत बोलता येऊ नये. गिऱ्हाइकाची माणसे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात, एकाकडून भाव पाडून घेत आणि तो दुसऱ्याच्या तोंडावर मारत. अशा फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. इन्फोसिसच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा या एका गिऱ्हाइकाकडून येत होता. कोणत्याही दुकानदाराला विचारा, चौथाई धंदा देणाऱ्या गिऱ्हाइकापुढे मान किती वाकते. मूर्ती आणि त्यांचे सहकारी समजावत राहिले की चांगली माणसे, प्रशिक्षण आणि संशोधन यांवर खर्च करता येईल असा रास्त भाव मिळणे गिऱ्हाइकाच्याच हिताचे आहे. उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांनी नकार दिला. कारण असे दिले की या भावात काम घेतले तर पुढे आम्ही तुम्हाला तोंडघशी पाडू. आणि त्या नकाराला लागूनच दुसरे वाक्य होते: तुम्ही ज्या कोणा पुरवठादाराला काम द्याल त्याच्याकडे ते नीट, व्यवस्थित सोपवून देण्याची जबाबदारी आमची.

या प्रसंगाची तारीफ करणारे बहुतेकजण नकाराची तारीफ करतात. माझे लक्ष दुसऱ्या वाक्याकडे जाते. भावाच्या बाबतीत तसूभर मागे न हटलेला माणूस, ज्याने आपल्याला खोलीत कोंडून भाव पाडू पाहिला त्याच्यासाठी, आणि प्रत्यक्षात आपल्या प्रतिस्पर्ध्यासाठी, काम नीट हस्तांतरित करायला तयार होतो. ही पेटीच्या आतली आणि बाहेरची विभागणी इतकी स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेली नाही. आणि पुढची गोष्टही लक्षात घ्यावी. इन्फोसिसने नंतर धोका कमी करण्यासाठी एक मंडळ नेमले, ज्याचे काम असे की कोणत्याही एका गिऱ्हाइकावर, एका देशावर, एका तंत्रज्ञानावर किंवा एका माणसावर कंपनी जास्त अवलंबून राहू नये. म्हणजे सभ्यपणे नाही म्हणता येण्यासाठीही आधी घरात धान्य असावे लागते. ज्याच्या पोटाला एकच गिऱ्हाईक आहे त्याचा उदारपणा बहुतेक वेळा नाइलाज असतो, आणि तो तसा आहे हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे औदार्य मुळात हिशेबीच आहे. शेठ पोराला उभे करतो कारण उद्या तो पोरगा त्याच्याकडे काम पाठवील, कठीण दिवसांत उसने देईल, गावाकडे त्याचे नाव घेईल. मूर्ती काम नीट सोपवतात कारण बाजारात पत राहते. मग याला उदारता कशाला म्हणायचे? हा आक्षेप वाटतो तितका नवा नाही आणि वाटतो तितका खोलही नाही. उदारतेतून फायदा झाला म्हणून ती खोटी ठरत असेल, तर फक्त तोट्यात गेलेली उदारताच खरी म्हणावी लागेल, आणि मग आपण चांगुलपणाची परीक्षा दिवाळखोरीने घेऊ. आपल्याकडचे एक उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलींचे दुकान थाटले, पुढे १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर विकणे ही आधी समजूत बदलण्याची लढाई होती. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली ती कारखान्याचे पत्रक म्हणून. पण शंकरराव किर्लोस्करांच्या हातात ती वाढत गेली, 'किर्लोस्कर' मासिक झाली, तिला १९३० मध्ये 'स्त्री' हे भावंड मिळाले, आणि दोन पिढ्यांच्या मराठी घरांनी त्या अंकांतून विवाह, शिक्षण, विज्ञान, अंधश्रद्धा यांवर वाद घातले. ती जाहिरात होती की देणगी? ज्या बाईने 'स्त्री' वाचून मुलीला शाळेत घातले तिला नांगर विकत घ्यायचा नव्हता. नांगराच्या किमतीत मासिकाचा खर्च किती धरला होता हे तिने कधी विचारले नसेल. देणाऱ्याच्या मनात दोन हेतू एकाच वेळी असू शकतात, आणि घेणाऱ्याला त्यातला एकच उपयोगी पडतो. तेवढे पुरे आहे. 

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गाव लहान असते, माणसे पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून तिथे हे जमते. बंगळुरूसारख्या शहरात आज भेटलेला माणूस उद्या दुसऱ्या कंपनीत, परवा दुसऱ्या देशात. अशा ठिकाणी हात सैल सोडणारा लुटला जातो. याला पुरावाही आहे. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने सहकार्य आणि दगाबाजी यांच्या एका खेळासाठी संगणकी डावपेचांची स्पर्धा घेतली. पहिल्या फेरीत १४ डावपेच आले, दुसऱ्या फेरीत ६०हून जास्त. दोन्ही वेळा जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांचा सगळ्यात छोटा डाव: स्वतःहून कधी दगा द्यायचा नाही, समोरच्याने दिला की पुढच्या चालीत लगेच परतफेड करायची, आणि तो सरळ वागला की मागचे विसरायचे. पण ॲक्सेलरॉडने १९८४ च्या आपल्या पुस्तकात अट स्पष्ट घातली आहे. पुन्हा भेट होण्याची शक्यता भरपूर असेल तरच हे चालते. ॲडम स्मिथने तर त्याच्या दोनशे वर्षे आधी, ग्लासगोच्या आपल्या व्याख्यानांत, डच व्यापाऱ्यांकडे बोट दाखवले होते. ते युरोपात सगळ्यांत जास्त शब्दाचे पक्के, कारण ते सगळ्यांत जास्त व्यापार करतात. दिवसाला वीस सौदे करणाऱ्याला एका सौद्यातली लबाडी परवडत नाही. राजदूत म्हणून कधीतरी एकदा परराज्यात जाणारा मुत्सद्दी मात्र खुशाल फसवतो. म्हणजे अनोळखी गर्दीत औदार्य हा धोका आहे, हे मला मान्य आहे.

पण धोका नेमका कशाचा आहे? जे दिले ते परत न येण्याचा. तेव्हा गर्दीत काय द्यावे हे ठरवायला हवे, देणे बंद करायला नको. शिकवल्याने ज्ञान कमी होत नाही. दोन माणसांची गाठ घालून दिल्याने आपली ओळख संपत नाही. कोरमंगला किंवा एचएसआर लेआउट या बंगळुरूतल्या नवउद्योगांच्या वस्त्यांत एखाद्या चहाच्या टेबलावर अर्धा तास एखाद्याचा आराखडा ऐकून त्यातली चूक दाखवली, तर गेला तो अर्धा तास. या गोष्टी बुडाल्या तरी घर बुडत नाही. भाव, उधारी, हिस्सा, जामीन, या गोष्टी बुडाल्या तर बुडते, म्हणून त्या पेटीच्या आत. उदारतेने बुडालेल्या माणसांच्या कहाण्या नीट तपासल्या तर दिसते की बहुतेकांनी वेळ किंवा विद्या वाटली नव्हती. त्यांनी न बोलता उधारी वाढवली होती, लिखापढीशिवाय हिस्सा दिला होता, किंवा नाही म्हणवेना म्हणून सही केली होती. त्याला आपण भिडस्तपणा म्हणतो आणि त्याची गणना उगाच औदार्यात करतो. कायद्याचे अभ्यासक स्ट्युअर्ट मॅकॉले यांनी १९६३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या कारखानदारांचा अभ्यास करून दाखवले की व्यापारी एकमेकांशी वाद मिटवताना करारातल्या कलमांकडे क्वचितच जातात, फोन उचलून मार्ग काढतात. हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. कोर्टात न जाणे ही मोकळीक आहे, पण किती माल गेला आणि किती पैसे यायचे हे त्या दोघांच्या वहीत पक्के लिहिलेले असते, म्हणूनच तर फोनवर भागते.

गंमत अशी की बंगळुरूला जो मोकळेपणा लाभला, त्यातला एक भाग माणसांच्या मनाने दिलेला नसून कायद्याने लादलेला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ म्हणते की कोणाला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्या माणसाने स्पर्धेत उतरू नये अशी अट कागदावर कितीही ठळक छापली तरी आपल्याकडे ती कोर्टात सहसा टिकत नाही. त्याच १८७२ साली कॅलिफोर्नियाने आपल्या नागरी संहितेत जवळपास हीच तरतूद केली, कारण दोन्हींमागे न्यूयॉर्कचा एकच मसुदा होता. रोनाल्ड गिल्सन या कायद्याच्या प्राध्यापकाने १९९९ मध्ये मांडले की सिलिकॉन व्हॅलीच्या भरभराटीमागे हे एक कलम मोठे कारण आहे. माणसे बाहेर पडतात, शिकलेले सोबत नेतात, नवे काढतात. इथेही साखळी तशीच दिसते. इन्फोसिसचे सात संस्थापक पटणी कंप्युटर्समधून आलेले. २००७ मध्ये बंगळुरूत फ्लिपकार्ट काढणारे सचिन आणि बिन्नी बन्सल ॲमेझॉनमधून निघालेले. फ्लिपकार्टमधून बाहेर पडलेल्यांनी पुढे फोनपे आणि उडान उभे केले. २०१४ मध्ये एथर एनर्जी नावाच्या विजेच्या स्कूटरच्या कोवळ्या कंपनीत याच दोन बन्सलांनी स्वतःचे पैसे घातले. गलाईच्या शेठने पोराला बाहेर पाठवणे आणि हे, यांत फरक कपड्यांचा आहे. पण फरक आणखी एक आहे, आणि तो गलाईवाल्यांच्या बाजूचा. कंपनी माणूस सोडून जाताना बहुधा अडवू शकत नाही म्हणून जाऊ देते. शेठला कोणी विचारणारे नसतानाही तो सराफाकडे शब्द टाकतो.

तिसरा आक्षेप मला पूर्णपणे परतवता येत नाही, आणि परतवण्याचा आव आणण्यात अर्थ नाही. शेठचा सैल हात कोणापर्यंत पोहोचतो? आपल्या गावच्या, आपल्या भावकीतल्या, पुष्कळदा आपल्या जातीतल्या पोरापर्यंत. तो पोरगा पळून गेला तर त्याचा बाप गावात आहे, देवळात भेटतो, लग्नात भेटतो. म्हणजे ज्याला मी औदार्य म्हणतो त्याच्यामागे एक अदृश्य तारण आहे, आणि ज्याच्याकडे ते तारण नाही त्याला दारातून आत येता येत नाही. शिवाय पहिल्या काही वर्षांतले ते झाडणे, धूर खाणे, तुटपुंज्या पगारात राबणे, त्याला शिकवणी म्हणायचे की स्वस्त मजुरी, हे ज्याने भोगले त्यानेच सांगावे. कोरमंगल्यातही चित्र फार वेगळे नाही. तिथे भावकीच्या जागी आयआयटीचे वसतिगृह आहे. ओळख करून देणारे लोक उदार असतात खरे, पण ओळख कोणाची कोणाशी होते हे पाहिले की वर्तुळ किती लहान आहे ते कळते.

इथे मला अमळनेर आठवते. आज बंगळुरूच्या सर्जापूर रस्त्यावर जिचे मुख्यालय आहे ती विप्रो १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. गावातल्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी, कामगारांनी तिचे शेअर घेतले आणि कित्येकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या मोडले नाहीत. तूप आणि साबणाची कंपनी संगणकाकडे वळली, मालक बंगळुरूला गेला, पण प्रत्येक बोनस शेअर आणि प्रत्येक लाभांश अमळनेरच्या त्या शेतकऱ्याला मालकाच्याच प्रमाणात मिळत राहिला. आणि गाव कोट्यधीशांचे म्हणून ओळखले जाऊ लागले. हे मालक म्हणजे अझीम प्रेमजी; त्यांनी २०१९ पर्यंत विप्रोतल्या ६७ टक्के हिश्श्याचे आर्थिक लाभ आपल्या फाउंडेशनला देऊन टाकले, त्याची चर्चा जगभर झाली, आणि ते योग्यच. मला मात्र अमळनेरची गोष्ट धंद्याच्या दृष्टीने जास्त शिकवणारी वाटते, कारण तिथे कोणी कोणावर मेहेरबानी केली नाही. शेतकरी मालकाच्या जातीचा नव्हता, धर्माचा नव्हता, नात्याचा तर नव्हताच. त्याच्याजवळ एक कागद होता आणि कागदावरचा हिशेब शेवटपर्यंत सचोटीने पाळला गेला. काटेकोर वही परक्या माणसाला आत घेऊ शकते. भावकीला ते जमत नाही.

नगर्थपेठेत हा प्रश्न आता प्रत्यक्ष उभा राहू लागला आहे. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी खानापूर-आटपाडीच्या माळावर चढवले, डाळिंबाच्या बागा धरल्या, मुले शिकून पुण्याला जाऊ लागली. दुष्काळाने ज्यांना घराबाहेर काढले त्यांच्या नातवंडांना ॲसिडच्या धुरात उभे राहायची गरज उरलेली नाही, आणि ते चांगलेच झाले. पण भट्टीपाशी कोणीतरी लागतेच. त्याच गल्ल्यांच्या वरच्या मजल्यांवर हुगळी-मेदिनीपूरकडचे बंगाली कारागीर मांडी घालून बसलेले असतात, आणि हाताशी पोरगा हवा असेल तर त्यांच्यातलाच मिळतो. त्याचा बाप शेठच्या गावच्या देवळात भेटणार नाही. शेठ त्याला ॲसिडचा अंदाज शिकवील, कारण काम व्हायला हवे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे: काही वर्षांनी त्याला स्वतःचे दुकान काढायचे झाले तर शेठ सराफाकडे त्याच्यासाठी शब्द टाकील का? पूर्वी या शब्दामागे गाव उभे असे. आता मागे उभी राहू शकते ती फक्त वही: इतक्या वर्षांत या पोराच्या हातून किती सोने गेले, किती घट लागली, एकदाही मिलिग्रॅमचा फरक आला की नाही. ही नोंद प्रत्येक शेठकडे आहे. तिच्यावर विसंबून जामीन राहणारे दोन-चारजण जरी निघाले तरी या धंद्याची पुढची पिढी बंगाली बोलेल, आणि विट्याच्या माणसाने उभे केलेल्या दुकानात बसेल.